वारामावशीने दुकान वाढवले

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंखे दुरुस्तीचे एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईला सगळे वारामावशी म्हणतात. मीही म्हणते, खरे तर वयाने मीच तिची मावशी शोभेन. टेबलावरचा, छताचा, भिंतीवरचा, कुठलाही पंखा तिच्यापुढे ठेवा, ती लगेच तो उघडत नाही. बोटाने पाते फिरवते, मान कलती करून ऐकते आणि सांगते, "बुश गेलाय," किंवा "याला काही झालेलं नाही, नुसता पुसा." दुसरे उत्तरही ती पहिल्याइतक्याच खुशीने देते, हे मला फार आवडते.

दुकानाच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर ती रोज सकाळी खडूने एक वाक्य लिहिते. 'फुलपाखरू पायांनी चव घेते.' 'ऑक्टोपसला तीन हृदये असतात.' कुठून कुठून गोळा करते, पण खात्री केल्याशिवाय लिहीत नाही. फिरून येताना मी ते वाचते, ऱ्हस्व-दीर्घ तपासते आणि घरी येऊन रोजनिशीत त्या दिवसाच्या माथ्यावर उतरवते. मिशनच्या शाळेत सिस्टरनी लावलेली ही सवय आहे: दिवस कसाही जावो, त्यातून एक तरी गोष्ट शिकून झोपायचे. यजमान गेल्यापासून माझ्या रोजनिशीत वारामावशीचाच मजकूर जास्त असतो. 'पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो' हे मी लाल शाईने लिहून ठेवले आहे. तेव्हापासून रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला की माझा जीव जळतो.

ही हकिकत उन्हाळ्याच्या शेवटाची. उन्हाची धार गेलेली, पण हट्ट गेलेला नाही, असे दिवस होते. वारामावशीची फळकुटे पंख्यांनी गच्च भरली होती. पण तिला पक्के ठाऊक होते, की थोड्याच दिवसांत लोक पंख्यांना विसरतील आणि थंडी सरेपर्यंत तिचे हात रिकामे राहतील. दरवर्षी हेच व्हायचे. यंदा मात्र शेजारचा चपलांचा गाळा रिकामा झाला होता आणि जागेच्या मालकांनी तो तिला द्यायचे कबूल केले होते. तिथे मिक्सर आणि धुलाई यंत्रे घ्यायची, म्हणजे वर्षभर काम, असा तिचा बेत होता; मला तो मागाहून कळला. आणि तो बेत साधाच होता, हवेतला नव्हता.

त्या सकाळी फळ्यावर वाचले: 'येत्या आठवड्यापासून दुकान वाढवत आहोत. कळावे.'

माझ्या मामाचे दुकान होते. संध्याकाळी तो दाराला फळ्या लावू लागला की आई म्हणायची, "दादा दुकान वाढवतोय." 'बंद' हा शब्द तिच्या तोंडून कधी निघाला नाही. अशुभ नको म्हणून उलटे बोलायचे. सिस्टरच्या शाळेत बंद म्हणजे बंद होते, पण कान घरीच घडतात. फळ्यावरचे शुद्धलेखन निर्दोष होते. दुकान बंद होणार, एवढाच अर्थ मला लागला.

आत गेले तर चांगलीच गर्दी. निवृत्त पोस्टमास्तर आपला टेबलफॅन छातीशी धरून उभे होते.

"अहो, त्याचा कंडेन्सर बसवायचाय अजून," वारामावशी म्हणत होती.

"राहू दे, राहू दे. तुमच्या मागे आता कमी का व्याप आहेत? जमेल तेव्हा जमेल."

"व्याप कसले? किती दिवस मनात होतं हे. आज मोकळं वाटतंय बघा."

"मन घट्ट केलंत, हेच मोठं," म्हणत पोस्टमास्तर डोळे पुसत निघाले.

मागोमाग शिंपीणकाकू. त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "एवढी वर्षं आमची हवा सांभाळलीस गं. काही लागलं तर हाक मार." आणि त्याही आपला पंखा घेऊन गेल्या, मग एकेक करत बाकीचेही. लोक शुभेच्छा द्यायला येतात आणि जाताना पंखा का नेतात, हे वारामावशीला कळेना. पण ती फुललेली होती. मीही तपासायला दिलेला माझा पंखा मागितला आणि विचारले, "मग पुढे काय करणार?"

"मोठं काहीतरी," ती म्हणाली.

मी मनात म्हटले, धीराची आहे पोर.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिचा नवरा बसमध्ये कंडक्टर आहे, आणि त्याचा आवाज बसभर पुरेल असाच.

"अगं, आपण दुकान बंद करतोय?"

"कोण म्हणालं?"

"आपल्या गल्लीतल्या एक बाई चढल्या होत्या. त्यांनी मला बसायला जागा दिली. मला, कंडक्टरला. म्हणाल्या, तुमच्यावर वाईट दिवस आलेत."

तिने फोन ठेवला. रिकाम्या फळकुटांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"आजी, वाढवणे म्हणजे काय?"

"मोठं करणं," मी म्हटले. "आणि बंद करणंही."

"एकाच शब्दात?"

"हो."

"हा कुणाचा शहाणपणा?"

"आपापल्या आज्यांचा. तुमच्याकडे म्हणत नव्हते?"

"आमच्याकडे दुकानच नव्हतं हो. वडील गवंडी. ते भिंत वाढवायचे, ती वरच जायची."

ती हसली खरी, पण हसू पुरे व्हायच्या आत जिन्यावरून मालक उतरले. ते वरच्याच मजल्यावर राहतात आणि फळा रोज वाचतात. त्यांच्याबरोबर मोबाइलची कव्हरे विकणारा एक हसरा माणूस होता. तो थेट तिच्या शटरला मोजपट्टी लावू लागला.

"हे काय चाललंय?" तिने विचारले.

"दोन्ही गाळे घेतायत हे," मालक म्हणाले. "तुम्ही वाढवताय, मग म्हटलं उगाच जागा अडकून कशाला?"

"मी वाढवतेय म्हणजे वाढवतेय."

"तेच म्हणतोय मी."

"अहो मालक, मोठं करतेय. शेजारचा गाळा मला कबूल केलात ना?"

"केला होता. पण फळ्यावर तुम्हीच लिहिलंत. या आजींनी तर वाचलंय ना? सांगा आजी, काय वाटलं तुम्हाला?"

मला खोटे बोलता येत नाही. "बंद करते आहे, असंच वाटलं," मी म्हणाले.

मालकांनी हात पसरले. वारामावशीने मात्र मान हलवली, जणू मी तिच्याच बाजूने बोलले होते. "झालं तर मग. आजींचीही समजूत तीच झाली, तुमचीही झाली. कुणाचं वाईट नव्हतं मनात. गैरसमजातून यांना दिलेला शब्द मागे घेता येतो."

"बाई, दुकान बघा तुमचं," मालक हलक्या आवाजात म्हणाले. "एक पंखा उरला नाही. उन्हाळा संपत आला, आता ते पुढच्या वर्षी येणार. दोन गाळे कशाच्या जोरावर पेलणार?"

"उद्या संध्याकाळपर्यंत थांबा. हा गाळा भरून दुसऱ्याची गरज पडली नाही, तर खुशाल दोन्ही यांना द्या."

मालक गेल्यावर मी तिला म्हटले, "अगं, जरा दमानं. दोन्ही घालवून बसशील."

"लोक रागावून गेलेत का आजी? मला ओझं नको म्हणून पंखे नेलेत त्यांनी. बोलावलं की येतील." तिने फळा पुसला. "सांगा, कसं लिहू?"

मी सुचवले: 'दुकान मोठे होत आहे.'

"ही तर जाहिरात झाली. माहिती कुठंय यात?" ती म्हणाली आणि उकिडवी बसून तिने लिहिले:

'मराठीत वाढवणे म्हणजे मोठे करणे आणि बंद करणे, दोन्ही. मी पहिले लिहिले, तुम्ही दुसरे वाचले. पंखे परत आणा. मिक्सरही.'

दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी पोस्टमास्तर आले. पंखा पिशवीत होता, सुट्या भागांत. "काल मी म्हटलं, आता आपलं आपणच बघायला हवं," ते म्हणाले.

"बघितलंत ना? आता मी बघते."

शिंपीणकाकूंनी पंख्याबरोबर शिलाई यंत्राची मोटर आणली. "फळ्यावर मोटर लिहिलेली नाही, तरी आणली." मग एकामागून एक माणसे येत राहिली. काहींचे पंखे ठणठणीत होते. तिने ते नुसते पुसून परत दिले आणि त्यांच्याकडून मिक्सर मागवले. दुपार उतरली तेव्हा सामान दाराबाहेर, फळ्याच्या पायाशी येऊन टेकले होते.

संध्याकाळी मालक उतरले. त्यांच्या काखेत मिक्सर होता.

"घरून दिलाय," ते इकडेतिकडे बघत म्हणाले.

"ठेवा की."

मालकांनी जागा शोधली. कुठेच नव्हती. मिक्सर काखेत तसाच ठेवून त्यांनी खिशातून शेजारच्या गाळ्याची किल्ली काढून तिच्यापुढे धरली. "त्या कव्हरवाल्याला मी काय सांगू आता?"

"शब्दाचा घोळ झाला म्हणून सांगा. चौकात जागा आहे एक, मी विचारून ठेवलीय त्याच्यासाठी."

त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून सामान पलीकडे नेले. माझा पंखाही तिकडे गेला, त्याला काही झालेले नव्हते तरी. शेवटी वारामावशी शटरची कडी धरून म्हणाली, "चला आजी, दुकान आता..." आणि थांबली. "काय म्हणू?"

"ओढ गं तू," मी म्हटले.

तिने आधी एक शटर ओढले, मग दुसरे.