सुलेमानभाईंची ठेंगणी चौकट

तमाम उंच माणसांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समधल्या सुलेमानभाईंच्या फ्लॅटमध्ये हॉलमधून आतल्या खोलीत जाताना डोकं वाकवूनच जायचं आहे. खुद्द सुलेमानभाई जाऊन महिना उलटला... नियम मात्र आजच्या तारखेला तरी कायम आहे.

बातमी आली तेव्हा मी फुजैऱ्याला साइटवर होतो. त्यांचा मुलगा आरिफ फोनवर एवढंच म्हणाला, "अंकल, डॅड इज नो मोअर." माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. दुःखाने नव्हे, सवयीने. भाईंच्या घरातली पहिली आठवण प्रत्येकाच्या कपाळावरच असते. त्यांच्या त्या सागवानी चौकटीने मला दिलेली टेंगळं एका ओळीत मांडली तर छोटीशी डोंगररांग होईल.

चौकट त्यांच्या राजापूरकडच्या खाडीकाठच्या घराची. जांभ्याच्या चिऱ्यांच्या हातभर जाड भिंती, पुढे ओटी, मागे पडवी, आणि माजघरात शिरताना हा ठेंगणा दरवाजा. आम्ही दोघं एकाच कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत. मी ड्रॉइंग काढायचो, ते साइटवर उभं करायचे. दिवसभर काचेचे टॉवर बांधायचे आणि संध्याकाळी करामा भागातल्या हॉटेलात चहा पिता पिता ते जुनं घर मला पुन्हा पायापासून बांधून दाखवायचे. "काचेत लोणचं ठेवतात, माणसं नाही," असं त्यांनी एकदा भर मीटिंगमध्ये आर्किटेक्टला ऐकवलं होतं. दरवाजा ठेंगणा का, याचं कारण ऐकणाऱ्यावर ठरायचं. मुलांना सांगायचे, चोराला तलवार उगारून आत येता येऊ नये म्हणून. पाहुण्यांना सांगायचे, येणाऱ्याने सलाम करूनच यावं म्हणून. मला एकदा हळूच म्हणाले, "सुतार बुटका होता रे, दिनकर." लाकडाची गोष्ट मात्र कधी बदलली नाही. पणजोबा गलबतावर तांडेल. गलबतातून सागवान याच आखाती किनाऱ्याला यायचं, परतताना खजूर भरायचा. एका खेपेला काही ओंडके बंदरातच पडून राहिले आणि त्यांतून घराची ही चौकट झाली.

पुढे चुलतभावांनी ते घर पाडून तिथे स्लॅबचं बांधायचं ठरवलं. भाई सुट्टी टाकून गेले, भांडले, हरले, आणि एका ओळखीच्या व्यापाऱ्याच्या कंटेनरमधून चौकट घेऊन आले. आतल्या खोलीचं दार उतरवून तिथे आम्ही दोघांनी ती पाचरी ठोकून बसवली. मी विचारलं, "भाई, भाड्याच्या घरात हे कशाला? उद्या व्हिसा संपला की खलास." ते लाकडावरून हात फिरवत म्हणाले, "हे लाकूड इथे यायलाच निघालं होतं. जरा उशीर झाला, एवढंच."

रुकय्याभाभींनी चौकटीचं नाव ठेवलं लाकडाची सवत. भाई दर जुम्याला तिला तेल लावत बसले की भाभी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "माझ्या डोक्याला कधी तेलाचं बोट लावलं नाही, आणि तिची बघा कशी मालिश चाललीय." भाई म्हणायचे, "ती उलट बोलत नाही ना." एरवी भाभी म्हणजे परक्या माणसासमोर शब्द न काढणारी बाई.

भाई गेले आणि फ्लॅटचा करार भाभींच्या नावावर करायची वेळ आली. बिल्डिंगच्या ऑफिसचं म्हणणं पडलं, इतका ठेंगणा दरवाजा नियमात बसत नाही. चौकट काढा, नाहीतर करार वाढणार नाही. आरिफ शारजाहून येऊन समजावून गेला, "मम्मी, इट्स जस्ट वुड. आमच्याकडे चल." त्याचंही चूक नव्हतं. मग भाभींचा मला फोन आला, "दिनकरभाई, हातोडी घेऊन या." मला वाटलं, चला, सुटली बिचारी सवतीच्या जाचातून. गेलो, तर चौकट ताज्या तेलाने चमकत होती. भाभी म्हणाल्या, "खालच्या पाचरी ढिल्या झाल्यात. जरा घट्ट ठोकून द्या."

मी गुडघ्यावर बसून ठोकत असतानाच ऑफिसचा माणूस आला. चांगला ताडमाड, हसतमुख. मी सावध करेपर्यंत तो माझ्या बाजूने आत शिरायला गेला आणि असा काही आवाज झाला, की पलीकडे भाई असते तर उठून बसले असते. भाभींनी फडक्यात बर्फ गुंडाळून आणून दिला. तो कपाळाला लावत गडी म्हणाला, "मॅडम, ये तो निकालना ही पड़ेगा. नहीं तो फ्लॅट खाली करना होगा."

भाभींनी एक हात चौकटीवर ठेवला... आणि माझ्या हातातली हातोडी होती तिथेच थांबली.

"चौकट हमारी है, फ्लॅट तुम्हारा है. यल्ला, चलो, तुम अपना फ्लॅट उठाओ और ले जाओ."