तिसऱ्या खुर्चीवरचे डोळे

बल्बताईच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे तिच्या धाकट्या भावाला शाळेत जायच्या आधीच कळून चुकलं होतं.

घरात साखरेचा डबा रिकामा सापडला होता. आईनं दोघांना समोर उभं केलं. "कुणी खाल्ली?" एवढं विचारायचा अवकाश, ताईच्या भुवया कपाळावर चढल्या, तोंडाचा आ झाला आणि डोळे असे बाहेर आले की आता घरंगळून खाली पडतात की काय असं वाटावं. जगात साखर नावाची वस्तू असते हे जणू तिला त्या घटकेला पहिल्यांदाच कळत होतं. आई आधी खुदकन हसली, मग वळली, आणि धपाटा बसला तो धाकट्याच्या पाठीत. ताईच्या ओठाला साखरेचे कण अजून चिकटलेले होते. ते त्याला दिसत होते, पण त्याचं ऐकतो कोण?

ही विद्या ती टीव्हीसमोर बसून शिकली होती. कार्टूनमधल्या बोक्याला कुत्रा दिसला की त्याचे डोळे स्प्रिंग लावल्यासारखे बाहेर झेपावायचे, मागे यायचे, पुन्हा झेपावायचे. बाकीची पोरं हसून मोकळी व्हायची. ताई उठून आरशासमोर जायची. धाकटा तापानं फणफणला की ती उशाशी बसून तोच बोका करायची, आणि औषध कडू आहे हे तो विसरून जायचा. आई दिवसभर कामावर. त्याला जेवू घालणं, शाळेत पोचवणं, फुटलेल्या गुडघ्यावर फुंकर घालणं हे सगळं तिनंच केलं. म्हणजे ज्या चेहऱ्यानं त्याला मार खायला लावला, त्याच चेहऱ्यानं त्याला लहानाचं मोठं केलं. आता अशा चेहऱ्याचं माणसानं करायचं तरी काय?

मोठेपणी भाऊ चावीवाला झाला. चौकात कपाटाएवढं दुकान, भिंतीवर चाव्यांचे झुबके, खाली लोखंडाचा कीस. स्वभाव आधीच संशयी, त्यात हा धंदा. कुणाचं बंद झालेलं दार उघडून द्यायच्या आधी तो विचारायचा, "आत शिरल्यावर उजव्या हाताला काय आहे?" उत्तर बरोबर आलं तरी पूर्ण पटल्यासारखी मान काही हलायची नाही. स्वतःच्या घराला कुलूप लावून निघाला की जिन्यातून परत यायचा आणि ओढून बघायचा.

"कुलूप तुम्हीच बसवलंय," बायको म्हणायची, "स्वतःवर तरी विश्वास ठेवा."

"म्हणूनच बघतो," तो म्हणायचा.

ताई कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. केस पिकायला लागल्यावर एकदा शेजारणीच्या आग्रहाखातर टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमाचं चित्रीकरण बघायला गेली. पास फुकट होता, एवढंच कारण. स्टेजवर कुणीतरी काहीतरी बोललं आणि हिचे डोळे बाहेर आले. कॅमेरावाल्यानं कॅमेरा स्टेजवरून काढून तिच्यावर लावला तो लावलाच. पुढच्या वेळी तिला घरी बोलावणं आलं. पहिली रांग, तिसरी खुर्ची, जाण्यायेण्याचा खर्च आणि वर पाकीट. विनोद फुसका निघाला की लगेच ताईचे डोळे दाखवायचे. मग संगणकावर त्या डोळ्यांना स्प्रिंगा जोडायच्या, "टॉइंग" असा आवाज टाकायचा, की घरोघरी लोक पोट धरून हसणार. तेव्हापासून ती बल्बताई झाली. बाजारात भाजी घ्यायला गेली तरी लोक म्हणायचे, "ताई, एकदा करा की!"

चावीवाल्याला हे फारसं रुचलं नव्हतं. लेकीचा वर्गात पहिला नंबर आला हे त्यानं ताईला सांगितलं, तेव्हा तिच्या भुवया चढल्या, आ झाला, डोळे बाहेर. त्याच्या मनात आलं, हे आपल्यासाठी आहे की पाकिटासाठी करायची सवय आहे? विचार वाईट होता हे त्यालाही कळत होतं. पण एकदा आलेला विचार याच्या डोक्यातून जातो कशाला!

मग त्या कार्यक्रमात नवीन भाग सुरू झाला. साध्या कामकरी माणसांनी स्टेजवर येऊन आपल्या धंद्यातल्या गमती सांगायच्या. ताईनं परस्पर भावाचं नाव देऊन टाकलं. दाराबाहेर अडकलेल्या माणसांच्या नकला तो घरी अशा करायचा की बायकोला हसून ठसका लागायचा. पण घर वेगळं आणि स्टेज वेगळं.

"मला नाही जमायचं," तो म्हणाला. "चार माणसांत माझी बोबडी वळते."

"मी आहे ना समोर."

"नक्की? तिसऱ्या खुर्चीवर?"

"मग काय तुझ्या मांडीवर येऊन बसू? अरे छोट्या, माझी जागाच आहे ती."

केस पांढरे व्हायला लागले तरी तिच्या लेखी तो छोट्याच होता. तो तयार झाला, पण तेवढ्या एका अटीवर.

स्टेजवर दिवे असे डोळ्यांवर येत होते की समोर नुसता काळोख. तिसरी खुर्ची कुठे असेल याचा अंदाज बांधून तो तिकडे बघत बोलत राहिला. आंघोळ करून दूध घ्यायला दाराबाहेर आलेल्या आणि मागे दार लागल्यामुळे अडकलेल्या गृहस्थाची नक्कल रंगात आली होती. आणि ऐन मोक्याला शब्द गेला. सगळी नक्कल ज्याच्यावर उभी होती तो "टॉवेल" हा साधा शब्द काही केल्या तोंडात येईना. काळोख गप्प. त्यानं नाक ओढलं. मग त्याला वाटलं, ताई बसलीय समोर, बोका करत असेल. आणि टॉवेल आला. टाळ्या पडल्या, चांगल्या दणदणीत पडल्या.

बाहेर आल्यावर ताई दाराशीच भेटली.

"बघितलंस ना?" त्यानं विचारलं.

"म्हणजे काय! तिसऱ्या खुर्चीवरून दुसरं कोण बघत होतं?" आणि डोळे बाहेर. त्या दिवशी तो चेहरा त्याला फार आवडला.

कार्यक्रम टीव्हीवर लागला तेव्हा शेजारपाजार त्याच्या घरात जमला होता. गृहस्थ दाराबाहेर अडकला, शब्द गेला, आणि त्याच जागी पडदाभर ताईचा चेहरा आला. आ वासलेला. डोळे स्प्रिंगांवर बाहेर, आत, पुन्हा बाहेर. टॉइंग, टॉइंग, टॉइंग. मागे लोकांचं खदाखदा हसणं. खोलीतली माणसंही हसली. बायको हसली, मग नवऱ्याकडे बघून थांबली.

चावीवाल्याची कानशिलं तापली. आपण जिच्या भरवशावर उभे होतो, ती आपण बुडताना बघून डोळ्यांचा तमाशा करत होती. तोही पाकीट घेऊन! त्या दिवसापासून दुकानावर येणारं गिऱ्हाईक चावी पुढे करायच्या आधी डोळे मोठे करून "टॉइंग" म्हणायला लागलं. ताईचा फोन आला, त्यानं घेतला नाही. पुन्हा आला, पुन्हा घेतला नाही.

"ताई म्हणतात, त्यांनी ते केलेलंच नाही," बायकोनं निरोप दिला.

"चेहरा कुणाचा होता मग? माझा?"

ताई खोटं बोलतेय हे सिद्ध करायचंच, असं त्यानं मनाशी ठरवलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो मोबाइलवर तेवढाच तुकडा लावायचा आणि चित्र थांबवून बघायचा. स्प्रिंगांखालचे खरे डोळे हसत होते का, एवढंच त्याला शोधायचं होतं. डोळ्यांत काही सापडलं नाही. सापडलं ते तोंडात. आ केलेल्या तोंडात वरचे सगळे दात जागेवर होते.

ताईचा पुढचा दात तर कधीच पडला होता. त्याच कार्यक्रमाच्या इमारतीच्या पायऱ्यांवरून ती आपटली, तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे तिला यानंच नेलं होतं. नवा दात बसवायला ती तयार झाली नव्हती. "मला डोळ्यांचे पैसे मिळतात, दातांचे नाही," असं म्हणून त्या डॉक्टरलाही हसवून आली होती. म्हणजे हा चेहरा जुना होता. त्याची नक्कल व्हायच्या कितीतरी आधीचा.

दुसरा कुणी असता तर त्यानं तिथेच सुस्कारा सोडून बहिणीला फोन लावला असता. पण हा पडला चावीवाला. एक कुलूप उघडलं की आत दुसरं असणारच, अशी याची खात्री. त्याच्या मनात नवीनच पाल चुकचुकली. त्या दिवशीचा चेहरा नाही दाखवला, जुना दाखवला. का? त्यानं अख्खा कार्यक्रम पुन्हा लावला. एका ठिकाणी कॅमेरा स्टेजच्या मागून होता. पुढे त्याची स्वतःची पाठ, नवा शर्ट, आणि त्यापलीकडे पहिली रांग. तिसऱ्या खुर्चीवर मांडीवर कोट घेऊन एक टकला माणूस बसला होता.

चेष्टा केली असती तर एक वेळ परवडलं असतं, असं त्याला वाटलं. चेष्टा करायला निदान समोर तरी असावं लागतं. ताई आलीच नव्हती, आणि वर तोंड करून "बघितलं" म्हणाली होती. तो टॉवेल आपण कुणाच्या जोरावर आणला मग? त्या टकल्याच्या? हे त्याला फार लागलं. कुणाला सांगताही येईना.

अशातच दुकानावर फोन आला. एक बाई म्हणाली, दार लागलंय, चावी फिरत नाही, लवकर या. पत्ता ऐकूनच त्याच्या लक्षात आलं. ताईची इमारत, ताईचा मजला, आवाज तेवढा शेजारणीचा. यात काहीतरी काळंबेरं आहे हे कळायला चावीवाला असायची गरज नव्हती. तरी त्यानं हत्यारांची पिशवी उचलली. धंदा म्हणजे धंदा, असं बायकोला सांगितलं.

जिन्याच्या टोकाला ताई पिशवी धरून उभी होती. त्यानं मान वर केलीच नाही. गुडघे टेकून कुलपासमोर बसला, बॅटरी मारली. चावीच्या भोकात आगपेटीची काडी मोडून बसली होती. त्यानं पिशवीतून चिमटा काढला.

"त्या दिवशी तू नव्हतीस," तो कुलपाला म्हणाला.

मागे ताईनं पिशवी खाली ठेवली.

"चित्रात तुझा दात आहे. आणि तुझ्या खुर्चीवर टकला माणूस आहे."

"सकाळी बसवतात रे आम्हाला, रिकाम्या स्टेजसमोर," ताई म्हणाली. "एक जण ओरडतो, 'लहान आश्चर्य! मोठं आश्चर्य! आता डोळे बाहेर!' मी आपली एकामागून एक करत जाते. ते सगळं ठेवून देतात आणि मग हवं तिथे चिकटवतात."

"ते चित्राचं झालं. तू कुठे होतीस?"

"बाहेर. दाराशी सामानाची पेटी असते, तिच्यावर. बरं नाही म्हणून सांगितलं त्यांना."

"का?"

"तू अडखळला असतास तर माझ्या तोंडाचा मला भरवसा नव्हता. आता आपोआप येतात रे डोळे बाहेर, मी नको म्हटलं तरी. आणि ते लोक टपलेलेच असतात. म्हटलं, मी समोर नसलेच तर दाखवतील काय? जुनं त्यांच्याकडे पडलंय, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही."

"आणि मला खोटं सांगितलंस ते?"

"खरं सांगितलं असतं तर चढला असतास स्टेजवर?"

नसता चढला. हे त्याला माहीत होतं आणि तिलाही. सगळं जिथल्या तिथे बसत होतं, आणि म्हणूनच त्याला खुपलं. जे कुलूप पहिल्या झटक्यात उघडतं त्याच्यावर त्याचा कधीच विश्वास नसायचा.

"बाहेर होतीस हे कशावरून? घरी झोपली असशील."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटलं.

"तू अडकलास ना," ती मग म्हणाली, "तेव्हा आत कुणीतरी खोकलं. मग तू नाक ओढलंस. लहानपणी रडू फुटायच्या आधी ओढायचास, तसं. माझा हात दाराच्या कडीवर होता. म्हटलं, गेलं खड्ड्यात, आता आत जायचं. तेवढ्यात तू टॉवेल म्हणालास."

चावीवाल्याच्या हातातला चिमटा थांबला. टीव्हीवर ते नाक ओढणं नव्हतं. तिथे टॉइंग होतं. त्यानं हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यानं मागे वळून पाहिलं. भुवया भुवयांच्या जागी होत्या. तोंड मिटलेलं होतं. डोळे आपल्या खोबणीत होते, लाल झालेले, आणि त्याच्याकडे बघत होते. ताई घाबरली होती. घाबरलेली ताई त्यानं आयुष्यात कधी पाहिली नव्हती, किंवा पाहिली असेल तर त्याला ती ओळखता आली नव्हती. त्याला एकदम स्वतःची लाज वाटली.

तो पुन्हा कुलपाकडे वळला. काडीचा तुकडा बाहेर आला, चावी फिरली, दार उघडलं. उठून त्यानं तो तुकडा चिमट्यात धरून तिच्यासमोर नेला.

"ही आत कशी गेली, ताई?"

तिच्या भुवया चढायला लागल्या. तोंड उघडलं. डोळे बाहेर यायला निघाले, आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरले.

"मीच घातली," ती म्हणाली. "तू फोन उचलत नव्हतास."