बिनअंगठ्याचं धनुष्य

दसरूभाऊ गेल्याचं मला त्यांच्या नातीनं फोनवर सांगितलं. "म्याडम, आजा गेला," एवढंच म्हणाली. वय झालंच होतं. नव्वदीच्या आसपास असावेत... नक्की कोणालाच माहीत नाही, त्यांनाही नव्हतं. जेवून अंगणात उन्हाला बसले आणि बसल्या जागी गेले. असं मरण मागून मिळत नाही, असं सगळे म्हणाले, मीही म्हणाले. पण फोन ठेवल्यावर माझी नजर भिंतीवरच्या धनुष्याकडे गेली आणि मी चांगली रडले. त्याला आता महिना होऊन गेला.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या बाजूचं. एका अंगाला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, दुसऱ्या अंगाला जंगल. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील, माझंही वय तेवढंच, तेव्हा माझ्या उजव्या अंगठ्याला नखुर्डं झालं. आईनं आधी चुना बांधला, मग कोणाकोणाचा पाला. बैलगाडीनं चांद्याला पोचेस्तोवर अंगठा काळा पडला होता, तो काढूनच टाकावा लागला. जखम भरली, पण पुन्हा शाळेत गेले तर पेन्सिल हातात ठरेना. डाव्या हातानं लिहू लागले की गुरुजी त्या हातावर छडी द्यायचे, तेव्हा तशीच रीत होती. शेवटी त्यांनी बाबांना सांगितलं की पोरीला लिहिणं काही जमायचं नाही. बाबांनी माझी पाटी आढ्याला खोचून ठेवली आणि मला शेतात पाखरं राखायला बसवलं. घरात कोणी रागावलं नाही, कोणी काही बोललंही नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

धान भरायला लागलं की राघूंचे थवेच्या थवे उतरत. बाकीची पोरं गोफण फिरवत. माझ्या हातून ती निसटून माझ्याच पाठीत बसे. दसरूभाऊ शेजारच्या गोंड टोल्यावरचे, म्हणजे वस्तीवरचे, विशीतले, हंगामात आमच्याकडे कामाला येत, आणि त्यांच्या खांद्याला कायम धनुष्य असे. मलाही तसलंच पाहिजे म्हणून मी हट्ट धरला. बाबांनी लाडानं एक करून दिलं, हिरव्या बांबूचं. सकाळी वाकवलं ते दुपारी वाकलेलंच राहिलं, आणि बाण हातभर पुढे जाऊन पडला. ते बघून दसरूभाऊ इतके हसले की बाबा दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. ओलं लाकूड एकदा वाकलं की परत उठत नाही, हे टोल्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही पडलो धानवाले.

दसरूभाऊंच्या चुलीवर, धुरात, धामणीच्या झाडाचं एक लाकूड दोन पावसाळे वाळत पडलं होतं. ते त्यांच्या स्वतःच्या नव्या धनुष्यासाठी ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी ते खांद्यावर टाकून आले, मला बांधावर उभं केलं, लाकूड माझ्या शेजारी धरलं आणि डोक्याच्या वर चार बोटं सोडून बाकीचं कुऱ्हाडीनं तोडून टाकलं. एवढं मोठं लाकूड वाया घालवलं म्हणून आई हळहळली, तर म्हणाले, पोरगी वाढनार हाय, चार बोटं जास्तच असू द्या. मग तीन दिवस, काम संपलं की ते तासत बसायचे. आधी कुऱ्हाड, मग विळ्याची धार, शेवटी फुटक्या बाटलीची काच. दोन्ही बाजू सारख्या वाकतात का हे एक डोळा मिटून बघायचे आणि जिथे अडेल तिथे हलकेच दोन हात फिरवायचे, जास्त नाही. दोरी सुताची नव्हती. बांबूच्या सालीची लांब पट्टी दोन्ही टोकांच्या खाचेत अडकवली होती. बाणाला लोखंड नाही, पुढे लाकडाचं बोथट बोंड. पाखरू मरायचं नव्हतं, नुसतं उडायचं होतं.

धनुष्य हातात आलं आणि मला ते ताणता येईना. मी बाण चिमटीत धरायला गेले... आणि चिमटी आणणार कुठून? मी ते सगळं चिखलात फेकून दिलं. दसरूभाऊंनी ते उचललं, पुसलं आणि आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. अंगठा तळहातात मुडपलेला होता.

"अंगठा लागते कायले? पाह्य माह्या हाताकडं. आमच्यात कोनी लावतच नाई."

बाण पहिल्या दोन बोटांच्या मधे, दोरी त्याच बोटांच्या पेरांवर. वर्षभर जो तो मला काय जमणार नाही ते सांगत होता, आणि हा माणूस म्हणत होता की जे गेलं ते मुळी लागतच नव्हतं. मला त्या दिवशी झालेला आनंद पुढे नोकरी लागल्यावरही झाला नाही. आठ-दहा दिवसांत माझा बाण तिसऱ्या बांधीपर्यंत जाऊ लागला.

एका दुपारी पाखरं राखायच्या मचाणावर बसल्या बसल्या मी खालच्या चुलीतून आणलेलं एक जळकं काटूक उचललं आणि सहज, बाणासारखंच दोन बोटांत धरून, बसायच्या फळीवर 'श' काढला. मग पुढे 'शेवंता'. अक्षरं लंगडत होती, पण माझीच होती. खाली पेंढ्या बांधत असलेल्या दसरूभाऊंना मी हाक मारून वर बोलावलं. त्यांना वाचता येत नव्हतं. हे काय व्हय, त्यांनी विचारलं. माझं नाव, मी म्हटलं. त्यांनी ती फळीच उचलून खांद्यावर घेतली आणि तडक खळ्यावर बाबांपुढे नेऊन ठेवली.

"भाऊ, पाखरं मी हाकतो. हिले शाळेत धाडा."

बाबा फळीकडे बघत खाली बसले. संध्याकाळी आढ्यावरची पाटी खाली आली. गुरुजींनी माझं लिहिणं पाहिलं, आणि छडी पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही. वर्गात एकलव्याचा धडा आला की सगळी पोरं माझ्याकडे वळून खुदखुदत, आणि मीही हसून घेई. दसरूभाऊंनी मात्र बोलल्याप्रमाणे धान घरात येईस्तोवर मचाण सोडलं नाही.

मी मास्तरीण झाले, पोंभुर्ण्यातच. दसरूभाऊ दरवर्षी पावसाळा संपला की नवी बांबूची पट्टी घेऊन येत, धनुष्याची दोरी बदलत, मोहाच्या बियांचं तेल चोळत. एकदा असेच आले तर अंगठ्याला शाई. कुठल्याशा कागदावर ठसा देऊन आले होते. ज्या माणसानं मला अंगठ्याशिवाय जगायला शिकवलं, त्यानं जागोजाग अंगठा उठवत फिरावं! मी त्यांना बसवलंच. पेन त्यांच्या हातात मासळीसारखा निसटत होता. मग मीच त्यांचा अंगठा मुडपला आणि पेन पहिल्या दोन बोटांत दिला. ते माझ्याकडे बघून लहान पोरासारखे लाजले. सगळा हिवाळा गेला त्यात. नाव जमलं तेव्हा मी वही पुढे केली, तर नाही म्हणाले, कागद उधई खाते, म्हणजे वाळवी. भिंतीवरचं धनुष्य काढलं आणि त्याच्या आतल्या अंगाला निळ्या पेनानं लिहिलं. द, स, रू.

परवा त्यांची नात पट्टी घेऊन आली. आज्यानं जायच्या आधीच तासून ठेवली होती म्हणे. दोरी तिनं चढवली, तेल मी लावलं. दरवर्षी ते जसं लावायचे तसंच, त्या तीन अक्षरांच्या भोवतीनं. तेवढी जागा कोरडी ठेवली.