सोडून द्यायची बंदूक

माझा नवरा कुठलीही वस्तू घेताना स्थळ बघायला निघाल्यासारखी चौकशी करतो. मिक्सर घेताना त्याने कल्याणची सगळी दुकानं पालथी घातली आणि शेवटी डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानातून घेतला. त्यामुळे रिटायर झाल्यावर त्याने भाल्याच्या बंदुकीने कुपा, म्हणजे ट्यूना मासा, मारायचं ठरवलं, तेव्हा मी निर्धास्त होते. बंदूक पसंत पडेपर्यंत तो मासा म्हातारा होऊन आपल्या मरणाने मरेल, असं मी धरूनच चालले होते.

हे खूळ धाकट्या दिराचं. तो बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात आहे. सुट्टीच्या दिवशी बोटीने खोल समुद्रात जातो, दम रोखून बुडी मारतो आणि जाड रबरांवर ताणलेल्या भाल्याने मोठाले मासे मारतो. "दादा, आता काय कारण सांगणार? ये. दोघं मिळून कुपा मारू," असं तो म्हणाला. दोघंही मोहन्याला वाढलेले, उल्हास नदीत पोहायला शिकलेले. दुसऱ्याच दिवशी माझा नवरा स्विमिंग पूलची चौकशी करायला गेला.

मग दर रविवारी दीर तिकडच्या दुकानात उभा राहून व्हिडिओ कॉलवर एकेक बंदूक दाखवायचा. नवऱ्याला लांबी हातात धरून बघायची होती. म्हणून त्याने बेडरूमच्या पडद्याचा दांडा काढला आणि हॉलमध्ये उभा राहून पाण्याच्या फिल्टरवर नेम धरला. आम्ही आठवडाभर पडद्याविना झोपलो.

"यापेक्षा लांब नाही का रे?"

"दादा, जेवढी लांब तेवढी पाण्यात वळवायला जड. आणि रबर तुलाच ओढायचेत, दांडा छातीला टेकवून."

त्याचीही रंगीत तालीम झाली. खांदा आखडला होता तेव्हा व्यायामाला आणलेला रबराचा पट्टा नवऱ्याने दांड्याला लावला आणि ओढला. तो सुटला आणि भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. त्यानंतर मधल्या लांबीची बंदूक एकमताने पसंत पडली. पाण्यात घालायच्या रबरी सूटसाठी मी टेप घेऊन मापं घेतली. "पोट आत ओढू नका," मी म्हटलं, "समुद्रात ते बाहेर येणारच आहे."

शेवटी दोरीचा विषय निघाला. दीर म्हणाला, "बंदुकीची लांब दोरी बोयाला बांधायची, पाण्यावर तरंगतो त्या. तुला नाही. मासा लागला की बंदूक सोडून द्यायची. कुपा सगळं घेऊन खाली जातो, दमला की बोया वर येतो."

"सोडून द्यायची?" नवऱ्याचा चेहरा पडला. "मनगटाला एक छोटी दोरी बांधली तर? सेफ्टी म्हणून."

मी फिस्सकन हसले. आमच्या घरात चष्म्याला दोरी आहे, किल्ल्यांना आहे, फोनजवळच्या पेनाला आहे. गावी जाताना बॅगेला साखळी असते आणि साखळीला वरून नाडी. पण दीर हसला नाही.

"दादा, बांधलंस तर तो तुलाही खाली नेईल."

माझं हसू तिथेच थांबलं. नवरा "बरं" म्हणाला. त्याचं ते "बरं" मी लग्नापासून ओळखते. दुसऱ्या दिवशी त्याची पोहायची पिशवी उघडली तर आत नायलॉनची दोरी, मनगटाच्या मापाची गाठ मारून तयार. मी घाबरले, आणि घाबरले की मी भांडते. भांडून झाल्यावर जाहीर केलं, की माझ्यासमोर दांडा सोडून दाखवल्याशिवाय तिकीट काढायचं नाही.

मग मी मासा झाले. दांड्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधली, दुसरं टोक हातात घेतलं आणि हॉलमधून स्वयंपाकघराकडे धूम ठोकली. नवरा दांड्याला चिकटून, पायपुसण्यासकट घसरत थेट फ्रिजपर्यंत आला.

"अहो, सोडा की!"

"सुटतच नाही गं."

तो फरशीवर बसून आपल्या तळहाताकडे बघत होता. "नदीत असंच झालेलं," तो म्हणाला.

ती गोष्ट मी सासूबाईंकडून ऐकली होती. लहानपणी पाण्याच्या ओढीने दीर वाहत चालला होता, तेव्हा याने त्याचे केस धरले. लोकांनी दोघांना काठावर ओढलं, तरी याची मूठ उघडेना. एकेक बोट सोडवावं लागलं. दोऱ्या, साखळ्या, नाड्या या सगळ्यांना मी इतकी वर्षं हसत होते, पण त्यांचा त्या मुठीशी संबंध असेल हे कधी मनात आलं नव्हतं. मला एकदम त्याची फार माया आली. मी शेजारी बसले.

"तेव्हा हातात माणूस होता," मी म्हटलं. "ही बंदूक आहे. दुसरी मिळते."

पुढे रोज चहाआधी मी मासा व्हायचे. खालच्या वहिनींनी विचारलं, की सकाळी कसली पळापळ असते. मी योगा सांगितलं. आणि एक दिवस नवऱ्याने दांडा इतका झटक्यात सोडला, की मीच जाऊन ओट्यावर आदळले. कोपर सुजलं, पण त्या दिवशी मी शिरा केला.

तिकीट काढून तो ऑस्ट्रेलियाला गेला. ज्या दिवशी ते समुद्रात उतरणार होते, त्या दिवशी मला धड काही सुचत नव्हतं. फोन वाजला आणि आवाज दिराचा आला.

"वहिनी, दादाने कमाल केली. भाला लागला, कुपाने झटका दिला आणि याने बंदूक सोडली! बोया खाली गेला, वर आला. मासा बोटीत आहे."

"आणि हे?"

"तो मजेत आहे हो! पण बंदूक सोडली आणि त्याच हाताने माझा दंड पकडला. बोटीत चढलो तरी सोडेना. वळ उठलेत इथे. तुम्ही त्याला नक्की काय शिकवलंत?"

"भावजी," मी म्हटलं, "माणूस सोडायला मी शिकवलेलं नाही."