ओठांनी बोलणारं गाव

मी सिंगापूरला पीएचडी करत होते तेव्हा आमच्या मराठी मंडळाने कापडाच्या इतिहासावर प्रदर्शन ठरवलं. मजकूर माझ्याकडे आला. पुण्यात कॉलेजच्या फाटकावर पत्रकं वाटत मी लिहायला शिकले, त्यामुळे इंग्लंडमधल्या एका जुन्या गिरणीगावाबद्दल सरळ लिहिलं: ‘या गावाने स्वस्त कापड धाडून भारतातले विणकर उपाशी मारले.’ खोटं नव्हतं ते. अर्धवट होतं.

त्याच गावात वीस-बावीस वर्षं माग चालवलेले एक काका सिंगापूरच्याच आंग मो किओ भागात लेकीकडे राहायचे. मागावर आडवं सूत नेणारा त्यांचा लाकडी धोटा आणि ते स्वतः, हेच आमचं खरं प्रदर्शन. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये मी त्यांना मजकूर दाखवला. त्यांनी दोनदा वाचला आणि धोटा परत पिशवीत ठेवला.

“मग मी येत नाही.”

“काका, इतिहास आहे हा.”

“असू दे की. पण गाव म्हणजे कोण? मालक राहायचा टेकडीवर, धूर पोचणार नाही तिथे. खाली आम्ही.”

मग सांगू लागले. मागांच्या खडखडाटात पहिले पंधरा दिवस ते ओरडून बोलले आणि घसा बसला. आपल्याकडून गेलेले सगळे तेच करायचे. शेवटी शेजारच्या मागावरच्या म्हातारीने त्यांची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि शिकवलं: आवाज नको, ओठ मोठे हलव. अख्खी गिरणी तशीच बोलायची. मुकादमाची पाठ वळली की त्याचा उद्धारही तसाच.

“पुढचे दात नव्हते तिला,” काका म्हणाले. “तरुणपणी धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढायला लागायचं. त्यात गेले. तिने मारले का गं तुझे विणकर?”

बाकीचंही काकांनीच सांगितलं. शिफ्ट संपल्यावर सभा घेऊन त्या लोकांनी वाचनालय उभं केलं, स्वतःचं दुकान चालवलं. ‘एकजूट’ हा शब्द आम्ही पत्रकांत छापून छापून झिजवला. त्यांनी ती करून दाखवली. आणि आज त्या गिरणीत महागडे फ्लॅट आहेत, दारावरच्या पाटीत नाव फक्त मालकाचं. चीड येते ती याची.

रविवारी प्रदर्शनाच्या बोर्डावर ‘गावाने’ खोडून ‘गिरणीमालकांनी’ केलं होतं. काकांनी वाचलं.

“बरं. आणि त्या म्हातारीचं कुठाय?”

बोर्ड गच्च भरलेला. मालकांवरच अकरा ओळी झाडल्या होत्या मी. त्यातल्या सहांवर कोरा कागद चिकटवला, आणि काका सांगत गेले तसं लिहीत गेले.