कावळा कुणाच्या शब्दाला शिवला

आमचा झेंडूचा मळा. सकाळी फुलं तोडायची, दुपारी पडवीत माळा ओवायच्या, संध्याकाळी बाजारात द्यायच्या. माळा बायको ओवायची. सुट्या फुलांना रद्दीच्या पुड्या लागतात, त्या मी करायचो. ती शाळेत गेलेली नव्हती. मी चौथीपर्यंत रेटलं होतं. रद्दीत वाचण्यासारखं काही निघालं की मी मोठ्यानं वाचायचो. तिचे हात गुंतलेले असायचे, कान मोकळे.

मागच्या उन्हाळ्यात एका गठ्ठ्यात भुताराक्षसांचं कॉमिक निघालं. हिंदी होतं, पण अक्षरं आपलीच. त्यात दोन बाप्ये आणि एक बाई, तिघंही मेलेली. जमीनदारानं झोपडीसकट जाळलेली. विहिरीतल्या राक्षसानं त्यांना सूड घ्यायला परत उठवलं. देवमाणसं नव्हती ती. शिव्या द्यायची, आपसांत भांडायची. सूड घेऊन झाला तरी गप्प बसवेना, म्हणून राक्षसांच्याच मागं लागली. एकाचा हात निखाऱ्याचा, दुसऱ्याला सावली नाही, बाईकडं नुसता कोयता.

"यांना भूक कशी लागत नाय वो?" बायको म्हणाली.

"मेलेत ते."

"मेले म्हणून काय झालं? एवढी मारामारी करायची म्हणजे पोटात काहीतरी पाहिजे."

शेवटच्या पानावर ती बाई विहिरीतल्या राक्षसाच्या मानेवर कोयता धरून उभी. राक्षस म्हणतो, मी मेलो तर तुम्ही तिघंही राख. खाली लिहिलेलं, काय होतं ते पुढच्या अंकात वाचा.

मी म्हटलं, "मारणार. एवढं सगळं कशासाठी केलं मग?"

"नाय मारणार," ती म्हणाली. "राग संपला तर बाईकडं उरलं काय? थांबंल ती."

तेव्हापासून रद्दी आली की आम्ही आधी तो अंक शोधायचो. इन्कमटॅक्सची पुस्तकं निघायची, दहावीची गाईडं निघायची, लग्नाच्या पत्रिका निघायच्या. तो अंक काही निघाला नाही. मग तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नाकाला नळी लावलेली असतानाही विचारत होती, "सापडला का वो?" मी म्हटलं, घरी चल, दोघं बघू. घरी आलीच नाही.

कॉमिकातल्या लोकांचं बरं असतं. जीव गेला तर कुणाच्या तरी मानेवर कोयता धरता येतो. मी कुणावर धरू? डॉक्टरनं त्याचं काम केलं. सूनबाई रात्ररात्र जागली. सूड घ्यायला समोर कुणीतरी लागतं. माझ्यासमोर नुसती फुलांची पाटी.

दहाव्याला गोदेवर गेलो. पिंड ठेवला. आता नाशिकचे कावळे म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहेत. अख्ख्या महाराष्ट्राचे पिंड खाऊन सुस्तावलेले. पत्र्यावर ओळीनं बसलेले, एक हलेना. मग सुरू झालं. लेक म्हणाली, "आई, तुझ्या गाईला मी अंतर देणार नाय." कावळा हलला नाही. मेव्हणा म्हणाला, "ताई, भाऊबंदकीचा वाद मिटवतो." कावळ्यानं तोंड फिरवलं. मागून कुणीतरी म्हणालं, "त्याला पण माहितीये, हा मिटवणार नाय." त्या दुःखातही लोक हसले. गुरुजी घाई करू लागले, दर्भाचा कावळा करू का म्हणाले.

मला ठाऊक होतं ती कशात अडकलीय. पण चारचौघांत, गुरुजींसमोर, कॉमिक म्हणायचं कसं? मी खाली बघून पुटपुटलो, "अंक शोधीन आणि तुला वाचून दाखवीन. आता जा." त्याच वेळी शेजारी पोरगा हात जोडून मोठ्यानं बोलला, "आई, नानांना मी फ्लॅटवर नेतो. एकटं ठेवणार नाय."

कावळा उतरला. पिंडाला शिवला.

सगळे पोराकडं बघायला लागले. पाठ थोपटली त्याची. आईचा जीव बापात अडकला होता म्हणे.

झालं. त्याचा फ्लॅट नाशकात, द्वारका चौकाजवळ, चौथ्या मजल्यावर. खाली दिवसभर हॉर्न. तिथं मी काय करायचं? बाल्कनीत एक तुळस, तीपण प्लास्टिकच्या डब्यात. मी नाही म्हटलं तर तो म्हणतो, "नाना, आईला शब्द दिलाय. कावळा शिवलाय." तो खोटं बोलत नव्हता. मलाही त्याचा शब्द मोडून तिचा आत्मा हिंडत ठेवायचा नव्हता.

शेवटी तो टेम्पो घेऊन न्यायला आला, तेव्हा सांगून टाकलं. "शब्द मीपण दिला होता. त्याच टायमाला." काय ते सांगितलं.

"कॉमिक? आईचा जीव कॉमिकात?"

"तू माझ्यावरून म्हणतोस, मी अंकावरून. कावळ्याला विचार जा."

सूनबाई हसू दाबत म्हणाली, "अहो, आई मलापण फोनवर विचारायच्या, तुमच्याकडच्या रद्दीत बघ म्हणून." मग ती माझ्याकडं वळली. "नाना, आधी तुमचा शब्द पुरा करा. अंक सापडला, वाचून झाला, की मग यांचा. दोन्ही राहतील." टेम्पो रिकामा गेला.

मी मनापासून शोधला. शोधायचं नाटक केलं नाही, तिला फसवून कुठं जाणार? परवा सापडला. कव्हर नव्हतं, पण निखाऱ्याचा हात ओळखला. ती बसायची त्या पोत्याशेजारी बसलो आणि मोठ्यानं वाचला, अडखळत. बाईनं कोयता खाली घेतला. मारलं नाही. तिचंच खरं झालं. "तुझं खरं," म्हटलं. पडवीत कोण होतं ऐकायला?

संध्याकाळी पोराचा फोन. रोज येतो.

"नाना, जेवलात? सापडला का अंक?"

"सापडला. वाचलापण."

"मग टेम्पो आणू?"

"अरे, राक्षस पळाला. बाई त्याच्या मागं विहिरीत उतरली. पुढं काय झालं ते त्याच्या पुढच्या अंकात आहे म्हणे."

फोनवर तो हसत होता की रडत होता, कळलं नाही.

"आई पण ना," तो म्हणाला. "बघतो इकडं द्वारकेच्या रद्दीवाल्याकडं."

"बघ. पण घाई करू नको."