शेवगावच्या टेलरचा गार पडलेला हात

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातली सकाळ. शेवगावच्या दवाखान्यात मी नर्स होते, वय चोवीस. घरचे सगळे दूर कोकणात... ड्युटी संपली की क्वार्टरमध्ये बोलायला कुणी नसायचं.

बाजारपेठेतले बशीरचाचा टेलर दारात उभे राहिले. पन्नाशीचे, बायको वारलेली, मूलबाळ नाही. छातीत दुखायचं म्हणून एकटेच मुंबईला जाऊन हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून आले होते. तेव्हा कोपराच्या आत चीर देऊन धमनीतून नळी थेट हृदयापर्यंत न्यायचे.

"बाई, उजवा हात लई गार पडलाय. सुई धरली तरी कळंना."

मी मनगट धरलं. डाव्या हाताची नाडी व्यवस्थित, उजव्या हाताची लागेचना... बोटं पांढरी पडलेली. चीर दिलेल्या जागी धमनीत गुठळी अडकली असणार. वेळ गेला असता तर हात गेला असता, आणि आमचे डॉक्टर नेमके कुटुंबनियोजनाच्या कॅम्पला गेलेले.

"घरी कुणाला कळवू?" मी विचारलं.

"कुनाला कळवता... कुनी न्हाई."

कंपाउंडरला दवाखाना सांभाळायला सांगितला आणि नगरला निघालेला एक ट्रक थांबवला. सगळा रस्ता त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. ते मधूनच विचारायचे, "लागली का?" मी म्हणायचे, "अजून नाही, चाचा."

नगर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "हात गेला तर मशीन तुमी न्या. शिवायला शिकवीन मी." मी पुन्हा नाडी चाचपली.

नगरच्या सर्जननी रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शन दिलं, चीर पुन्हा उघडली आणि गुठळी काढली. मग मला आत बोलावून म्हणाले, "सिस्टर, बघा." मी बोट टेकवलं... बारीक होती, पण नाडी होती. तिथंच रडू आलं.

मी रजा टाकून चार दिवस नगरलाच राहिले. भेटीच्या वेळी इतर खाटांभोवती डबे घेऊन आलेली माणसं असायची, चाचांच्या स्टुलावर मी एकटी. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं कोन हाय हितं?"

"कुणी नाही," मी म्हणाले. आणि मग कसं कोण जाणे, आई, घर, गावची खाडी... घंटा होईपर्यंत मीच बोलत राहिले. ते नुसते ऐकत होते.

चाचांचा हात वाचला. दोन बोटं बधिर राहिली, काज-बटणं जमेनात, पण मशीन चालू लागलं. वर्षभरात माझी कोपरगावला बदली झाली आणि पुन्हा भेट झाली नाही.

नोकरीत पुढे हजारो मनगटं धरली. पण पेशंटच्या खाटेवरून माझी चौकशी केली ती एका चाचांनीच... त्याबद्दल त्यांचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले, म्हणून आज इथं लिहिते आहे.